नवं बांधलेलं टर्बो इंजिन आणि कमी व्हॅक्यूम: इंजिन पुन्हा उघडण्याआधी काय काय बघायचं

हेड फेस होऊन आलं, बोअर मारून ब्लॉक आला, नवे पिस्टन-रिंग, नवी बेअरिंगं, नवी चेन. चार दिवस राबून इंजिन बांधलं, पहिल्या चावीला लागलंही. मग इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडं हवा वाटणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज जोडावा आणि काटा (पाऱ्याच्या) १२-१३ इंचांवरच थांबावा. गिऱ्हाईक शेजारी उभं असतं. त्या क्षणी पोटात गोळा येतो, हे इंजिनाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि पुढची सगळ्यात मोठी चूक तिथंच होते: घाईनं इंजिन पुन्हा उतरवणं.

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीमुळे आपलं एक बरं आहे. फेसिंग, बोरिंग, होनिंग, वॉल्व्हची सीट कापणं, सगळं हाताच्या अंतरावर होतं. पण म्हणूनच 'टाका परत मशीनवर' हेही आपल्याकडं फार सहज बोललं जातं. खरं तर नव्या बांधलेल्या इंजिनात व्हॅक्यूम कमी असला, तर दोष बहुतेक वेळा बांधताना जिथं हात लागला तिथंच असतो, आणि तो बाहेरून मोजून हुडकता येतो. मी ज्या क्रमानं हुडकतो तो क्रम इथं लिहितोय. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि मोठं नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा लेख टर्बो पेट्रोल गाड्यांचा आहे. डिझेलमध्ये हवेची वाट अडवून रेस कमी-जास्त होत नाही, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम तयारच होत नाही. तिथं ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. काही गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला, काही जुन्या जीप-टेम्पोंत अल्टरनेटरच्या पाठीला. डिझेल गाडीचा ब्रेक कडक लागत असेल तर पंप, त्याचं तेल आणि त्याची नळी बघा. मॅनिफोल्डला गेज लावून बसू नका. काही पेट्रोल इंजिनं हवेचं माप थ्रॉटलनं (हवेच्या वाटेतल्या झडपेनं) न ठरवता इनटेक वॉल्व्हच्या उचलीनं ठरवतात. त्यांच्यात कमी व्हॅक्यूम ही मुळातलीच रचना असते. आपलं इंजिन त्यातलं आहे का, हे कंपनीच्या मॅन्युअलात आधी बघून घ्या.

आकडा बेळगावचा वाचा

सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की गरम इंजिन आयडलिंगवर १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. बेळगाव समुद्रापासून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणजे अडीच हजार फुटांच्या आसपास. दर हजार फुटांमागं गेज साधारण एक इंच कमी दाखवतो. म्हणजे आपल्याकडं साडेचौदा ते साडेअठरा हा निरोगी आकडा झाला. चोर्ला घाट उतरून तीच गाडी पणजीला नेली तर तोच गेज अडीच इंच जास्त दाखवेल, इंजिनाला हात न लावता. साडेपंधरा दाखवणारं इंजिन 'कमी व्हॅक्यूम' म्हणून उघडलेलं मी पाहिलंय. त्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

स्कॅनर असेल तर अजून सोपं. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचं रीडिंग घ्या. बेळगावात ते ९२-९३ केपीएच्या (किलोपास्कल) जवळपास यायला हवं. मग इंजिन गरम करून आयडलिंगवर बघा. ३० ते ४० केपीए असेल तर इंजिन श्वास नीट घेतंय. ५० च्या वर असेल तर हुडकायला सुरुवात करा. चावी ऑन असतानाच रीडिंग ९३ ऐवजी १०१ किंवा ८५ येत असेल तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासा, इंजिन नंतर.

गेज कुठं जोडलाय?

हे वाचून कुणाला वाटेल की एवढं कुणाला सांगायला हवं का. पण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. गेज थ्रॉटलच्या पुढं, म्हणजे थ्रॉटल आणि हेड यांच्यामध्ये, थेट मॅनिफोल्डच्या नळीला टी टाकून जोडायचा. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकतर्फी वॉल्व्ह असतो. त्याच्या बूस्टरकडच्या बाजूला गेज लावला तर काटा जागचा हलत नाही आणि इंजिनाची थरथर दिसतच नाही. थ्रॉटलच्या मागच्या बाजूच्या नळीला लावला तर आयडलिंगला काही दाखवतच नाही.

टर्बो गाडीला बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणारा गेज वापरा. नुसता व्हॅक्यूम गेज बूस्ट आला की खराब होतो. इंजिन पूर्ण गरम हवं, एसी बंद, दिवे बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला. थंड इंजिनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर स्पार्क मुद्दाम उशिरा देतो, त्यामुळं सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत व्हॅक्यूम कमी दिसतो. तो दोष नव्हे. बॅटरी काढली होती किंवा थ्रॉटल धुतला होता? मग स्कॅनरनं थ्रॉटल रीलर्न करा. आयडलिंग ७५० ऐवजी ११०० वर चालत असेल तर ज्या आकड्याची तुम्ही तुलना करताय तो आकडाच वेगळा आहे.

आणखी एक सूट नव्या इंजिनाला द्यायची. रिंग अजून बसलेल्या नसतात, सगळं घट्ट असतं, घर्षण ओढायला थ्रॉटल थोडा जास्त उघडावा लागतो. एखाद-दीड इंच कमी आलं तर चिंता नको. तीन-चार इंच कमी असेल तर मात्र रिंग बसायची वाट बघू नका.

टर्बोवर आळ घालू नका

निपाणीकडचे एक तंबाखूवाले शेतकरी, त्यांची टर्बो पेट्रोल गाडी. पाण्याचा होज फुटून इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं, आमच्याकडं पूर्ण इंजिनकाम झालं. चौथ्या दिवशी ते परत आले. आयडलिंगला गाडी हलकी थरथरते, ब्रेक जरा कडक लागतो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "मिस्त्री, टर्बोच गेला काय वो?"

"काका, आयडलिंगला टर्बो झोपलेला असतो," मी म्हणालो. "आधी काटा बघू."

हेच सगळ्यांना सांगतो. आयडलिंगला टर्बो बूस्ट करत नसतो आणि व्हॅक्यूम तयार करण्यात त्याचा काही हात नसतो. व्हॅक्यूम करतात ते पिस्टन, वॉल्व्ह आणि बंद थ्रॉटल. टर्बो गाडीत लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे: गळती थ्रॉटलच्या कुठल्या बाजूला आहे.

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतच्या नळ्या आयडलिंगला जवळपास बाहेरच्याच दाबावर असतात. तिथं क्लिप ढिली असेल तर व्हॅक्यूमवर फारसा फरक पडत नाही. पण घाट चढताना तिथून हवा बाहेर पळते. हवेचं माप घेणारा सेन्सर मागं असेल तर त्यानं ती हवा मोजलेली असते, म्हणून पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर येतो, पिकअप मरतो. थ्रॉटलच्या पुढच्या गळतीतून मात्र आयडलिंगला हवा आत खेचली जाते आणि बूस्टला बाहेर फेकली जाते. म्हणजे व्हॅक्यूम कमी आणि पिकअपही कमी, असं दोन्ही असेल तर नजर मॅनिफोल्डवर ठेवा. व्हॅक्यूम ठीक आणि फक्त पिकअप कमी असेल तर इंटरकूलरच्या नळ्या तपासा.

काटा काय बोलतो

गेजसमोर दोन मिनिटं शांत उभं राहा. काटा किती आहे यापेक्षा तो कसा हलतो हे जास्त सांगून जातं.

काटा खाली आहे पण एकदम स्थिर आहे, तर दोष सगळ्या सिलिंडरना सारखा लागू होणारा आहे: मॅनिफोल्डची गळती, कॅम टायमिंग मागं पडलेलं, किंवा स्पार्क उशिरा. ठरावीक ठोक्याला एकदाच खाली आपटतो, तर एकाच सिलिंडरचा वॉल्व्ह किंवा स्पार्क. आयडलिंगला भराभर थरथरतो आणि रेस दिल्यावर स्थिर होतो, तर वॉल्व्ह गाइड ढिले. रेस वाढवत जाल तशी थरथर वाढते, तर वॉल्व्ह स्प्रिंग कमकुवत. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली सरकत जातो, तर सायलेन्सरकडची वाट कोंडलीय.

शेवटच्या गोष्टीकडं नव्या इंजिनात विशेष लक्ष द्या. जुनं इंजिन महिनोन्‌महिने ऑइल जाळत होतं, ते सगळं कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसलेलं असतं. नवं इंजिन बांधलं आणि जुना चोंदलेला कन्व्हर्टर तसाच जोडला, असं फार होतं. टर्बोनंतरचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त येत असेल तर वाट कोंडलेली समजा.

झटका देऊनही बघा. रेस एकदम पूर्ण देऊन सोडली की काटा शून्याजवळ पडतो, मग नेहमीच्या आकड्याच्या चार-पाच इंच वर उडतो आणि जागेवर येतो. वरची उडी मिळाली नाही तर रिंगकडं संशयानं बघा.

गळती हुडकणं

स्मोक मशीन असेल तर तेच वापरा. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडताना दाब अर्धा ते एक पीएसआय पुरतो. जास्त दाब दिला तर धूर तुम्हाला हवा तिथूनच नव्हे, सील ढकलूनही निघतो. थ्रॉटलपासून टर्बोपर्यंतची नळी तपासायची असेल तर टर्बोच्या तोंडाला टोपण लावून ५ पीएसआयपासून सुरू करा, साबणाचं पाणी मारा, हळूहळू वाढवा. त्या वेळी क्रँककेसकडं जाणारी नळी बंद केलेली असू दे, नाहीतर नवे सील जातील.

इंजिन चालू ठेवून कार्ब क्लिनर किंवा ब्रेक क्लिनरचा फवारा मारायची आपल्याकडची जुनी सवय आहे. टर्बो गाडीत ती सोडा. टर्बोचं एक्झॉस्टचं घर इतकं तापतं की फवारा पेटायला ठिणगीही लागत नाही. उदबत्तीचा धूरही लोक जोडाजोडाशी धरून बघतात. पेट्रोलची नळी नुकतीच उघडलेली असताना तो निखारा इंजिनखोलीत नेऊ नका.

कुठं बघायचं? माझ्या अनुभवात क्रम असा पडतो. पहिलं, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड तापून वाकलेला असतो. सरळ पट्टी ठेवून फिलर गेजनं तपासा. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळलेत का? फेस केलेल्या हेडवर जुनं दबलेलं गॅस्केट परत बसवलेलं चालत नाही. दुसरं, इंजेक्टरचे ओ-रिंग. कोरडे दाबले की कापले जातात. एक थेंब ऑइल लावायचं विसरलं की पुढं दोन दिवस जातात.

तिसरं पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसची वाफ परत इंजिनात ओढणारा वॉल्व्ह, आणि इथं टर्बो गाडी वेगळी आहे. क्रँककेसची वाफ आयडलिंगला मॅनिफोल्डकडं जाते आणि बूस्टला टर्बोच्या तोंडाकडं. मधल्या एकतर्फी वॉल्व्हमुळं हे शक्य होतं. तो उलटा बसला किंवा निकामी असला तर बूस्टचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक वर येते, सील ऑइल सोडतात. पीसीव्हीचा पडदा फाटला असेल तर इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला जोर लावावा लागतो आणि बऱ्याचदा शिट्टी ऐकू येते. डिपस्टिकचा ओ-रिंग, ऑइलचं झाकण, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, यातून शिरणारी हवासुद्धा पीसीव्हीमार्गे मॅनिफोल्डलाच पोचते, हे विसरू नका.

मग बाकीच्या नळ्या एक-एक करून चिमटा लावून बंद करा आणि काट्याकडं बघा: ब्रेक बूस्टर, कॅनिस्टर पर्ज वॉल्व्ह (पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारा), बायपास वॉल्व्हच्या (रेस सोडली की अडकलेला बूस्ट सोडून देणारा) डोक्यावरची बारीक नळी. ज्या नळीला चिमटा लावताच काटा वर चढेल, त्या नळीच्या पलीकडं दोष. ईजीआर (जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इनटेकमध्ये सोडणारा वॉल्व्ह) असेल तर तो पूर्ण बंद होतोय का ते काढून बघा.

फ्युएल ट्रिमही, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो स्कॅनरवरचा आकडा, मदत करतं, पण समजून. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत गळती असेल तर आयडलिंगला ट्रिम बरंच प्लसमध्ये असतं आणि २५०० ला कमी होतं. नुसत्या मॅनिफोल्ड प्रेशरवर चालणाऱ्या गाडीत मात्र ट्रिम जवळपास ठीकच दिसतं आणि आयडलिंग चढतं. तिथं 'ट्रिम चांगलं, म्हणजे गळती नाही' असा निष्कर्ष काढू नका.

कॅम टायमिंग

गळती नाही, काटा स्थिर आणि खाली, आणि गाडी ओढत नाही? मग टायमिंग. एक दात चुकला तर इंजिन चालतं, पण व्हॅक्यूम पडतो. हेड फेस केलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात टायमिंग थोडं मागं पडतं. खूप फेस केलेलं असेल तर जास्त. काही इंजिनांत पुली खाचेतल्या चावीशिवाय (की), नुसत्या घर्षणावर बसते. लॉकिंग टूल न लावता आवळली तर आवळतानाच सरकते.

खूण जुळवून चेन बसवली म्हणजे झालं, असं नव्हे. टेन्शनर सोडल्यावर क्रँक हातानं दोन पूर्ण वेढे फिरवा, म्हणजे कॅमचा एक वेढा होतो, आणि खुणा परत बघा. स्कॅनरवर कॅम-क्रँकचा फरक आणि व्हीव्हीटीचा (चालत्या इंजिनात वॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) अपेक्षित व प्रत्यक्ष कोन बघा. व्हीव्हीटीच्या सोलेनॉइडच्या जाळीत मशीनकामाची बारीक कीस अडकली की कॅम पुढच्या कोनात अडकून राहतो. ब्लॉक धुताना ऑइलची भोकं ब्रश घालून धुतली होती का, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक.

टॅपेटचं अंतर, जे सगळ्यात जास्त विसरलं जातं

आता त्या निपाणीच्या गाडीकडं. सकाळी थंड इंजिन, काटा साडेपंधरावर, जवळपास स्थिर. तासाभरापूर्वी काढलेलं थंड कंप्रेशन चारही सिलिंडरना १६० पीएसआयच्या जवळपास. सगळं ठीक म्हणून गाडी परत द्यायची तयारी झाली असती. पण गाडी चालू ठेवली. वीस मिनिटांनी काटा ठोक्यागणिक दोन इंच खाली आपटायला लागला. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर एका ठोक्याला हवेचा दाब मऊ लागत होता. गरम असतानाच प्लग काढले, कंप्रेशन घेतलं: बाकीचे तीन सिलिंडर १५५ ते १६०, तीन नंबरचा ११५.

त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून हवा भरली, आवाज सायलेन्सरमधून आला. म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह. कव्हर उघडून इंजिन थंड होऊ दिलं आणि फिलर गेज घेतला. त्या इंजिनाला एक्झॉस्ट वॉल्व्हला, कॅम आणि टॅपेटच्या मध्ये, ०.२५ ते ०.३० मिमी अंतर हवं होतं. ०.०५ चं पातं घातलं, आत जाईना. पात्याचं टोक बकेटवर, म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावरच्या टॅपेटच्या टोपीवर, टेकून वाकत होतं.

कारण साधं होतं. हेड तापल्यामुळं सीट कापली होती. सीट कापली की वॉल्व्ह तेवढा वर सरकतो, त्याचं टोक कॅमच्या जवळ येतं आणि टॅपेटचं अंतर खाऊन टाकतं. थंड असताना वॉल्व्ह कसाबसा बसतो. गरम झाला की दांडी लांबते, वॉल्व्ह सीटवर टेकतच नाही. बाकी पंधरा वॉल्व्हचं अंतर आम्ही तपासलं होतं. हा एक, सीट दुसऱ्यांदा कापल्यावर, परत तपासला नव्हता. चूक आमच्या बाकावरची होती. मी ते काकांना तसंच सांगितलं आणि मजुरी घेतली नाही.

अंतर मोजून, तेवढी कमी जाडीची बकेट मागवून बसवली. बकेट घासून पातळ करू नका. तिचा वरचा कडक थर गेला की कॅम खराब होतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तरी सुटका नाही. वॉल्व्ह फार वर आला असेल तर टॅपेटला खाली जायला जागाच उरत नाही आणि तोच प्रकार होतो. सीट कापल्यावर दांडीची उंची मोजून घ्या.

कंप्रेशन आणि लीक-डाउन

हे काम गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं कंप्रेशन खोटं कमी येतं. आपल्या उंचीवर आकडा मॅन्युअलपेक्षा आठ-दहा टक्के कमी येतो, त्यानं घाबरू नका. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. सगळे सारखेच फार कमी असतील तर परत कॅम टायमिंगकडं जा. एखादा कमी असेल तर चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह.

लीक-डाउनमध्ये, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर, कान लावा. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या तोंडातून आला तर रिंग, रेडिएटरात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. नव्या इंजिनात रिंगकडून थोडी गळती पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत चालते. वॉल्व्हमधली गळती मात्र पहिल्या दिवसापासून चालत नाही.

रिंग बसवायला गाडी तासन्‌तास आयडलिंगवर ठेवू नका. त्यानं बोअरला चकाकी येते आणि रिंग बसतच नाहीत. मी वंटमुरी घाटाच्या रस्त्याला नेतो. चढाला मध्यम रेस, फार बूस्ट न आणता; उताराला रेस सोडून गिअरमध्येच. असे आठ-दहा फेरे. मग पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलून गेज परत जोडायचा.

काकांच्या गाडीचं रीडिंग बकेट बदलल्यावर साडेपंधरा, पाचशेला सोळा, हजार किलोमीटरला साडेसोळा आलं, काटा स्थिर. तारीख, किलोमीटर आणि आकडा असं कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.